वाचकांचे प्रश्न : लहान मुलांसाठी बॅटरीवर चालणारी गाडी

मागील अंकात अपंगत्व असलेल्या लहान मुलांच्या बसण्याच्या सोयीविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला आहे. ज्या मुलाला रांगता किंवा चालता येत नाही, त्याला स्वतः चालवता येईल अशी बॅटरीची गाडी किंवा व्हीलचेअर द्यावी का, आणि द्यावी तर कोणत्या वयात? त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

आमची मुलगी दोन वर्षे चार महिन्यांची आहे. तिला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या आजाराचा दुसरा प्रकार आहे. ती बसवले की बसते, पण रांगत नाही, उभी राहत नाही. बोलणे मात्र अगदी स्पष्ट आहे आणि दिवसभर "मला तिकडे ने, मला ते दे" असे चालू असते. एका थेरपिस्टने बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या व्हीलचेअरचा विचार करा, असे सुचवले. सासूबाई म्हणतात, आत्ताच खुर्चीत बसवली तर पोर कायमची खुर्चीतच राहील. गावातील फिजिओथेरपिस्टही म्हणतात की आधी व्यायाम, खुर्चीचे सहा-सात वर्षांनंतर बघू. आम्ही काय करावे? — एक आई, सांगली जिल्हा

थेरपिस्टने सुचवलेला मार्ग योग्य आहे, आणि सहा-सात वर्षांपर्यंत थांबावे असे कोणतेही वैद्यकीय कारण मला आपल्या पत्रात दिसत नाही. थांबण्यामुळे होणारे नुकसान मात्र मोठे आहे. ते कसे, हे सविस्तर सांगते, कारण घरातील मोठ्यांना पटवून देण्याचे काम शेवटी आपल्यालाच करायचे आहे.

मूल साधारण आठ-दहा महिन्यांचे झाले की रांगू लागते आणि त्या दिवसापासून त्याच्या हातापायांबरोबर त्याची समजही झपाट्याने वाढू लागते. आई स्वयंपाकघरात गेली तर ते तिच्या मागे जाते, पलंगाखाली गेलेला चेंडू शोधते, नको त्या वस्तूकडे सरकताना मध्येच थांबून आईच्या चेहऱ्याकडे पाहते आणि तिच्या डोळ्यांतला होकार-नकार वाचते. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात जोसेफ कॅम्पोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात अजून रांगू न लागलेल्या निरोगी बाळांना स्वतः चालवता येईल अशा छोट्या मोटारगाडीचा सराव दिला गेला. त्यानंतर त्यांना काचेने झाकलेल्या खोल जागेवर खाली उतरवत नेले, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले. गाडीचा सराव न मिळालेल्या त्याच वयाच्या बाळांत हा बदल दिसला नाही. खोलपणाची जाणीव आणि त्याची भीती केवळ वय वाढल्याने येत नाही, आपल्या इच्छेने इकडून तिकडे गेल्याने ती येते, असा याचा अर्थ आहे.

आता आपल्या मुलीचा विचार करा. आपण तिला कडेवर घेऊन सगळे घर दाखवता, अंगणात नेता, त्यात काहीच कमी नाही. परंतु कोठे जायचे, केव्हा थांबायचे आणि केव्हा वळायचे हे प्रत्येक वेळी मोठे माणूस ठरवते. ती दिवसभर "मला ने" म्हणते, हे माझ्या दृष्टीने फार चांगले लक्षण आहे, कारण तिने मागणे अजून सोडलेले नाही. जी मुले वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या हाताने हलतात, त्यांतील काही हळूहळू गप्प होतात आणि घरचे लोक त्याला "शहाणे झाले, हट्ट करत नाही" असे म्हणतात. ती अवस्था येण्यापूर्वी तिच्या हाती काहीतरी दिले पाहिजे.

इतक्या लहान मुलांना गाडी चालवता येते का, ही शंका नवी नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे शार्लीन बटलर यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभीच तिचे उत्तर शोधले. १९८४च्या त्यांच्या अभ्यासात २० ते ३७ महिने वयाची १३ मुले होती आणि त्यांपैकी १२ मुले व्हीलचेअर चालवायला शिकली. आपली मुलगी २८ महिन्यांची आहे, म्हणजे या वयोगटाच्या अगदी मध्यावर. पुढे २०१२ साली मारिया जोन्स आणि सहकाऱ्यांनी तीव्र शारीरिक अपंगत्व असलेल्या १४ ते ३० महिन्यांच्या २८ मुलांचे दोन गट करून वर्षभर पाहणी केली. ज्यांना व्हीलचेअर मिळाली, त्यांची हालचालीची क्षमता वाढलीच, पण इतरांचे बोलणे समजण्यातही ती मुले पुढे गेली.

सासूबाईंची भीती नातीच्या प्रेमापोटीच आहे आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. परंतु पांगुळगाडा हाती दिल्यामुळे कोणाचे मूल चालायचे विसरल्याचे त्यांनीही पाहिले नसेल. या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या पाठीच्या कण्यातील चेतापेशी कमी होत जातात. दुसऱ्या प्रकारातील मुले बसू शकतात, पण उपचारांशिवाय स्वतःच्या बळावर चालू शकत नाहीत. खुर्ची दिल्याने या पेशी मरत नाहीत आणि न दिल्याने वाचतही नाहीत. अलीकडे नुसिनर्सेन, रिसडिप्लाम यांसारख्या औषधांमुळे काही मुलांची प्रगती पूर्वी कल्पनाही करता आली नसती इतकी होते. म्हणून उमेद सोडण्याचा प्रश्नच नाही. स्नायूंचे ताण देण्याचे व्यायाम, उभे राहण्याची चौकट, श्वसनाची काळजी आणि पाठीचा कणा वाकत नाही ना याची नियमित तपासणी हे सर्व पूर्वीसारखेच चालू ठेवायचे आहे. इटलीत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खुर्ची देण्यापूर्वी नाखूश असलेल्या पालकांचे मत मुलाला ती चालवताना पाहिल्यावर अनुकूल झाल्याचे नोंदवले आहे. गावातील फिजिओंनाही दुखवू नका. त्यांना ही माहिती दाखवा आणि "व्यायाम आणि खुर्ची दोन्ही एकाच वेळी" असा कार्यक्रम आखून देण्याची विनंती करा. त्यांची मदत आपल्याला पुढे अनेक वर्षे लागणार आहे.

कोणती गाडी घ्यावी, याबाबत घाई करू नका. परदेशात एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठीच बनवलेली साधने आहेत. अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळालेल्या 'एक्सप्लोरर मिनी' या गाडीत जॉयस्टिक (गाडी चालवण्याची छोटी दांडी) समोर मध्यभागी असते आणि मूल बसून किंवा खोगिरावर टेकून उभे राहून ती चालवते. ब्रिटनमध्ये बाथ येथील 'डिझाइनअ‍ॅबिलिटी' ही संस्था 'विझीबग' नावाची गाडी पाच वर्षांखालील मुलांना विनामूल्य वापरायला देते आणि मूल मोठे झाले की परत घेते. (तेथे राहणाऱ्या आपल्या वाचकांनी या योजनेची जरूर चौकशी करावी.) आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बॅटरीच्या खुर्च्या प्रौढांच्या मापाच्या असतात. त्यांत उशा भरून मुलीला बसवू नका. बैठक तिच्या मांडीच्या लांबीची हवी, पावले टेकलेली हवीत, बरगड्यांच्या दोन्ही बाजूंना आधार हवा आणि जॉयस्टिक हलक्या बोटाने हलेल इतकी सैल हवी, कारण या आजारात हाताची ताकदही कमी असते. खरेदीपूर्वी एकदा तरी ती खुर्ची तिला चालवायला मिळालीच पाहिजे. अशा खुर्च्या जड असतात, त्यामुळे उंबरठे, जिना आणि एसटीचा प्रवास यांचा हिशेब आधी करा आणि घडी होणारी हलकी खुर्ची किंवा बाबागाडीही जवळ ठेवा.

शिकवण्याविषयी एकच गोष्ट आग्रहाने सांगते. "सरळ चल, डावीकडे वळ, भिंत आली" अशा सूचनांचा भडिमार करू नका. मोकळ्या खोलीत, कमी वेगावर, दहा-पंधरा मिनिटे तिला सोडा आणि जवळ बसून राहा. ती पहिल्यांदा जॉयस्टिक ढकलेल, गाडी हलेल, ती दचकून हात काढेल, गाडी थांबेल आणि ती आपल्याकडे पाहील. त्या क्षणी तिने स्वतः काय केले हे तिला उमजत असते, म्हणून काही बोलू नका, फक्त तिच्याकडे पाहून हसा.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) असून चारही हातापायांत ताठरपणा आहे, शिवाय हात मनाविरुद्ध हलतात. त्याला जॉयस्टिक धरता येणार नाही. बोलत नाही, त्यामुळे त्याला किती समजते हेही नक्की सांगता येत नाही. "गाडी समजण्याइतकी बुद्धी आहे का ते आधी तपासू," असे आम्हाला एका ठिकाणी सांगण्यात आले. अशा मुलाला गाडी देणे धोक्याचे नाही का? — एक वडील, ठाणे

हातच हवा असे काही नाही. डोक्यामागच्या आधारात बसवलेले स्विच, गालाजवळचे बटण, गुडघ्याने दाबायचे बटण, किंवा मांडीवरील पाटावर बसवलेले मोठे बटण, यांपैकी ज्या अवयवावर त्याचा सर्वांत जास्त ताबा आहे त्याला काम द्यायचे असते. बरेचदा तो अवयव आपल्याला वाटतो तो नसतो. मुलाला ओटीपोटाशी पट्टा लावून, पाय टेकवून, नीट आधार देऊन बसवल्यावर मनाविरुद्ध होणारी हालचाल पुष्कळदा कमी होते आणि मग हातही उपयोगी पडतो. म्हणून बैठक आधी, स्विच नंतर.

बुद्धी आधी तपासण्याच्या मताशी मी सहमत नाही. जो बोलू शकत नाही, बोट दाखवू शकत नाही आणि खेळणे हाताळू शकत नाही, त्याची समज मोजायची तरी कशी? स्वीडनमधील व्यवसायोपचारतज्ज्ञ लिस्बेथ निल्सन यांनी गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसह दीर्घकाळ काम करून दाखवले की, गाडी चालवणे हे शिकण्याचे साधनही असू शकते. त्यांच्या पद्धतीत पहिली पायरी फक्त एवढीच असते की मुलाला काहीतरी हलले याची चाहूल लागते. नंतर आपल्या हातामुळे ते हलले हे कळते, मग थांबवणे जमते, आणि दिशा फार पुढे येते. मूल बराच काळ एकाच जागी गोल गोल फिरत राहते. पालक त्या वेळी निराश होतात, परंतु त्या फिरण्यात ते कारण आणि परिणाम यांचा संबंध जोडत असते. काही मुले बाहेरच्या रस्त्यावर एकट्याने गाडी चालवण्यापर्यंत कधीच पोहोचणार नाहीत. तरीही घरातल्या घरात आपल्या इच्छेने आजीपर्यंत जाता येणे ही त्यांच्या दृष्टीने मोठी कमाई आहे.

धोक्याची शंका रास्त आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांत दृष्टीचाही दोष असतो, डोळे चांगले असूनही मेंदूला पाहिलेले उमगत नाही. म्हणून आधी दृष्टीची तपासणी करून घ्या आणि फिट येत असतील तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोला. सरावाच्या वेळी मोठे माणूस हाताच्या अंतरावर असलेच पाहिजे आणि गाडी ताबडतोब बंद करणारा स्विच त्या माणसाच्या हाती हवा. मात्र रिमोट आपल्या हाती घेऊन त्याला फिरवत बसू नका, तसे केले तर तो पुन्हा प्रवासीच राहील.

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. माझ्या चुलत भावाला पायांत ताकद नाही. खेळण्यांच्या दुकानात मिळणारी बॅटरीची मोटार त्याच्यासाठी बदलून देता येईल का? — एक विद्यार्थी, नाशिक

नक्कीच येईल. आपण योग्य वाटेवर आहात. कोल गॅलोवे यांनी अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक असताना 'गो बेबी गो' या उपक्रमातून नेमके हेच केले. लहान मुलांच्या खेळण्यातील मोटारी थोडे वायरिंग आणि आधार बदलून अपंग मुलांना वापरता येतील अशा करायच्या, आणि त्याची कृती सर्वांना खुली ठेवायची.

या मोटारींत ६ किंवा १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी असते आणि पायाचे पेडल म्हणजे दाबले तेवढ्यापुरताच चालणारा साधा स्विच असतो. त्याच्या दोन तारा वाढवून स्टिअरिंगवर बसवलेल्या मोठ्या बटणाला जोडल्या की हाताने गाडी चालते. येथेच एक महत्त्वाची खबरदारी आहे. गाडी सुरू होताना किंवा अडकल्यावर तिच्यातील विद्युत मोटार बराच विद्युतप्रवाह ओढते. खेळण्यातले हलके बटण तो थेट वाहून नेऊ लागले तर त्याचे संपर्क तापून चिकटू शकतात, आणि मग बटण सोडले तरी गाडी थांबत नाही. म्हणून पुरेशा क्षमतेचे बटण वापरा, किंवा बटणाने रिले (थोड्या प्रवाहावर चालून मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) चालवा आणि रिलेने विद्युत मोटार. बॅटरीच्या लगत फ्यूज आणि गाडीच्या मागील बाजूस मोठ्यांसाठी बंद करण्याचा स्विच हे दोन्ही हवेतच. वेग वाढवण्यासाठी जास्त व्होल्टची बॅटरी बसवण्याचा मोह टाळा, आणि मूल बसलेले असताना कधीही चार्ज करू नका.

वायरिंगपेक्षा बैठकीचे काम अवघड आहे आणि ते थेरपिस्टला बरोबर घेऊनच करा. पीव्हीसी पाइपच्या चौकटीवर फोम गुंडाळून बाजूचे आधार करता येतात. मागे टेकायला कडक पाठ लागते. पट्टा ओटीपोटावर घट्ट आणि छातीवर सैलसर असावा, गळ्याशी येणारा पट्टा बिलकूल नको. कडेच्या तीक्ष्ण कोपऱ्यांवर आणि स्क्रूंवर फोम लावा. सामान्य मोटारीत लहान मुलाला स्टिअरिंग फिरवणे जड जाते, त्यामुळे सुरुवातीला गाडी सरळच जाते आणि वळवण्याचे काम मोठ्यांकडे राहते. दोन विद्युत मोटारींचा आणि दोन दांड्यांचा एक प्रकार बाजारात मिळतो, तो जागच्या जागी वळतो. आपल्याला इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर अशा गाडीला मोटार नियंत्रक लावून एक हलकी जॉयस्टिक बसवता येईल. पहिल्या दिवशी मात्र साधे बटणच पुरे. एवढे लक्षात ठेवा की बदललेली मोटार हे सरावाचे आणि खेळाचे साधन आहे. ज्या मुलाला पाठीचा पूर्ण आधार आणि दिवसभराची बैठक हवी, त्याची खरी व्हीलचेअर त्यामुळे टळत नाही.

नातवासाठी शासनाकडून अशी गाडी मिळेल का? वय तीन वर्षे. — एक आजोबा, लातूर

थेट मिळणे सध्या कठीण आहे आणि याची मला मनापासून खंत वाटते. केंद्र सरकारच्या १९८१पासून चालू असलेल्या सहायक साधनांच्या 'अ‍ॅडिप' योजनेत मोटारीवर चालणाऱ्या तीनचाकी आणि व्हीलचेअर आहेत, परंतु २०१४च्या नियमांत त्यांसाठी किमान वय १६ वर्षे ठेवलेले आहे. 'समग्र शिक्षा' या शालेय शिक्षणाच्या योजनेतून मिळणारी साधने सहा वर्षांपासून पुढील शाळकरी मुलांसाठी आहेत. ज्या वयात मेंदू सर्वांत वेगाने वाढतो, तेच वय या दोन्ही नियमांच्या बाहेर राहते. हा नियम बदलावा म्हणून पालकसंघटनांनी सामाजिक न्याय मंत्रालयाकडे लेखी मागणी लावून धरली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तींचे ओळखपत्र) काढून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नातवाची नोंद करा. २०१३ साली या कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच राज्यात पालघरहून झाली होती. मुंबईत हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत बैठकीचे व साधनांचे मूल्यमापन होऊ शकते. तेथील लेखी शिफारस हाती असली की कंपन्यांच्या सामाजिक निधीकडे किंवा रोटरी, लायन्स यांसारख्या मंडळांकडे अर्ज करणे सोपे जाते. अर्जात "व्हीलचेअर हवी" एवढेच न लिहिता बैठकीची मापे, नियंत्रणाचा प्रकार आणि वापराची जागा नमूद करा, म्हणजे मोठ्या मापाची निरुपयोगी खुर्ची गळ्यात पडणार नाही.

आमच्या अंगणवाडीत एक मूल त्याच्यासाठी बदल केलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारीतून येते. इतर मुले गराडा घालतात, ढकलतात, बसायला मागतात. मोटार बाहेर ठेवायला सांगावी का? — एक अंगणवाडी सेविका, रायगड जिल्हा

बाहेर ठेवू नका. इतर मुलांना त्या मुलाकडे खेचून आणणारी वस्तू तीच आहे. ती बाहेर राहिली तर ते पुन्हा कोपऱ्यातील सतरंजीवर बसून राहील. इतर मुलांना त्या मोटारीत बसू द्यायचे की नाही, हे त्याच्या आईला विचारून ठरवा. बैठक त्याच्या मापाने बांधलेली असल्यामुळे बसू न देणेच बहुधा सोयीचे होईल. त्याऐवजी त्याला सर्वांबरोबर काम द्या. खाऊच्या वाट्या त्याच्या मोटारीतून वाटता येतील, शिवणापाणीत त्याच्यावर राज्य देता येईल. चाकांजवळ हात न घालण्याचा आणि मागून न ढकलण्याचा नियम मुलांना पहिल्याच दिवशी गोष्टीतून सांगा. खोलीत मोटार कमी वेगावरच राहील, आणि आहार शिजवण्याची जागा व दारातील पायरी या दोन ठिकाणी आडवा बाक किंवा फळी लावलेली असेल, एवढे मदतनीस ताईंना रोज पाहायला सांगा.